बोललेलं माझं, कंसातलं तुझं

११ फेब्रुवारी

नावाने हाक मारावी की नात्याने, हे ठरेना, म्हणून वरची ओळ कोरीच ठेवली आहे. नुसतं नाव घेतलं तर परकं वाटतं. नातं लिहावं, तर ते गेल्या महिन्यात कोर्टाने सही-शिक्क्यासकट मोडीत काढलं. नवरा कायद्याने सुटतो तेव्हा नणंदेचं काय होतं, हे त्या कागदात कुठेच लिहिलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं.

हे पत्र आपल्या दोघींच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये ठेवते आहे, व्हिडिओंच्या शेजारी. माझा फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि पुढे सामसूम. पण फोल्डर उघडतेस, हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण आपल्या त्या बँडच्या पोरांचं कोरियनमधून आपल्या भाषेत आणलेलं बोलणं मी संध्याकाळी तिथे टाकते आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाहावं, तर प्रत्येक वाक्य आपापल्या जागी बसवलेलं असतं. गाणाऱ्याचं तोंड उघडलं की खाली ओळ उमटते, मिटलं की जाते. बस कंपनीत दिवसभर गाड्यांच्या वेळा लावून तुझं पोट भरत नाही, म्हणून घरी येऊन या पोरांच्या बोलण्याच्या वेळा लावतेस.

कंसही तुझेच. (टाळ्या.) (दार लागतं.) (मागे कुणीतरी खोकतं.) ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तू ते सुरू केलंस आणि पहिल्याच वर्षी आपण वाटणी करून टाकली. तोंडातून निघालेले शब्द माझे, बाकीचे सगळे आवाज तुझे. घटस्फोटात भांडीकुंडी, गाद्या, पडदे सगळ्यांची वाटणी झाली. ही वाटणी मात्र कुणी हलवली नाही, कारण ती आपल्याखेरीज कुणाला माहीतच नव्हती.

तर आधी कामाचं. बँडमधले पाचही जण सैन्यातून सुटून आले. तिथली सक्तीची सेवा संपली, डोक्यावर केस आले, आता कंपनीबरोबर नवा करार करायचा की नाही एवढंच उरलं आहे. थोरल्याने केला, लांबुडक्याने केला, गालफुग्याने केला. मुक्यानेही केला म्हणे, म्हणजे बातमीत नाव आहे, तो स्वतः नेहमीप्रमाणे काही बोललेला नाही. शेंडेफळाचं नाव अजून नाही. चाहत्यांमध्ये दोन तट पडायला सुरुवात झाली आहे आणि आपण व्हिडिओ चढवतो त्या पानावर रोज कुणी ना कुणी मला विचारतं की तुम्ही कुणाच्या बाजूने. मी उत्तर देत नाही.

ही नावं तुझ्या आईंची, हे नव्या लोकांना सांगून पटत नाही. आईंना खरी नावं उच्चारता येत नव्हती असं नाही. ‘पाच पोरं आहेत, ओळखू आली म्हणजे झालं,’ असं त्यांचं म्हणणं. गालफुग्याचे गाल गेल्या पाच वर्षांत पार बसले, तरी नाव चिकटलं ते चिकटलं.

माझी खोली चष्म्याच्या दुकानावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. तिथला एक माणूस संध्याकाळी आपल्या कुत्र्याला उचलून वर नेतो, कारण कुत्र्याला आता पायऱ्या झेपत नाहीत. खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि एक बरीशी शेगडी आहे. मला इथे काही कमी नाही. मला फक्त एक गोष्ट कळायला हवी आहे, की मी तुझी अजून कुणी लागते की नाही. नसेन तर तसं सांग, म्हणजे मी व्हिडिओंपुरती राहीन.


२ एप्रिल

चिंगे,

आज घरातलं नाव लिहिते आहे. ते वापरायला कोर्टाची परवानगी लागत नसावी.

झालं ते तू पाहिलंच आहेस. शेंडेफळ गेला. त्याने निरोपाचा छोटासा व्हिडिओ केला, मागे रिकामी भिंत, अंगात साधा करडा सदरा. मी भाषांतर केलं, तू वेळा लावल्यास. तो म्हणाला, ‘मी दादांवर रागावलेलो नाही. अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या गजराने उठलो. आता मला माझ्या गजराने उठायचंय.’ ही ओळ तू पडद्यावर जरा जास्तच ठेवलीस. तो पुढचं बोलायला लागला तरी ती तिथेच होती. तू अशी ढिलाई कधी करत नाहीस, म्हणून माझ्या लक्षात आलं. मीही गेल्या हिवाळ्यापासून माझ्याच गजराने उठते आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं सुख नाही. गजर तो गजरच.

त्यानंतर उरलेल्या चौघांनी टीव्हीवर पहिल्यांदा गाणं केलं. गाणं सुरू होण्याआधी चाहते ठेक्यावर सगळ्यांची नावं वयाच्या क्रमाने ओरडतात, ते आपण दोघी तुमच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींसमोर घोकायचो, आठवतं ना? चार नावं झाली. पाचव्या ठेक्याला काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. काही लोक गप्प राहिले, काहींनी टाळी दिली आणि एका कोपऱ्यातून पंधरा-वीस मुली शेंडेफळाचं नाव जिवाच्या आकांताने ओरडल्या. चौघं मान खाली घालून उभे होते. तू तिथे कंसात लिहिलंस, (काही जण त्याचं नाव घेतात.) मी असते तर एवढं शांतपणे लिहू शकले नसते.

मला त्या चौघांचा राग आला. पत्रकारांनी विचारलं, हसून टाळलं. चाहत्यांनी विचारलं, फुलांचं चित्र टाकलं. अकरा वर्षं एका ताटात जेवलेला पोरगा घर सोडून जातो आणि तुमच्या तोंडून ‘जा’ नाही, ‘थांब’ नाही, काहीच नाही. आपल्या पानावर कुणीतरी लिहिलं की गप्प बसणं म्हणजे जो जातो त्याला ढकलणं. मी त्याच्याखाली काही लिहिलं नाही, पण ते वाक्य मला बराच वेळ पटत राहिलं.

आणि पटता पटता मी कुठे जाऊन पोचले ते तुला कळलं असेलच. तुझ्या भावाच्या वकिलाने तुला विचारलं होतं, घरात काय चालायचं ते सांगा. तू म्हणालीस, ‘मला काही सांगायचं नाही.’ ना त्याच्या बाजूने, ना माझ्या. मला तुझ्याकडून साक्ष नको होती. तुझा भाऊ वाईट माणूस नाही, त्याच्याविरुद्ध सांगण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही दोघी पडद्यासमोर बसलात की या घरात मीच भाडेकरू आहे असं वाटतं, हे तो आधी चेष्टेत म्हणायचा, मग चेष्टा संपली आणि आमचं बाकीचंही हळूहळू संपलं. एवढंच. पण मी निघाले त्या दिवशी तू स्वयंपाकघरात होतीस. मी दोन बॅगा दारात आणल्या. तुझा भाऊ कामावर गेला होता, आई त्यांच्या खोलीत पडून होत्या. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता. मी सावकाश चपला घातल्या, जितक्या सावकाश घालता येतात तितक्या. तू बाहेर आली नाहीस. आतून काही आवाजसुद्धा आला नाही.

मला त्याचा राग नाही. जे झालं ते लिहून ठेवते आहे, इतकंच.


१९ मे

चिंगे,

तू पत्रं उघडतेस की नाही याचा काही पत्ता लागत नाही. व्हिडिओ तेवढे उचलले जातात, पत्रं जागच्या जागी. असू दे. मी लिहिते, कारण या विषयावर बोलायला मला दुसरं कोण आहे? दातांच्या लॅबमधल्या, माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंना मी एकदा यांचं एक गाणं ऐकवलं, तर त्यांनी विचारलं की मुलगी छान गाते, कोण आहे ती? तो लांबुडका होता.

चौघांचा पहिला मोठा कार्यक्रम मी पैसे भरून घरबसल्या पाहिला. कौतुक करायला बसले नव्हते, हे आधीच सांगते. अकरा वर्षांत ही पोरं कुठून कुठे आली, हे एका बैठकीत दिसलं. सुरुवातीला पोपटी केस, चौकड्याचे कोट, शाळेतलं प्रेम आणि दर तिसऱ्या ओळीला डोळा मारणं. मी तेव्हा स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. तू येऊन इअरफोनची एक बाजू माझ्या कानात खुपसलीस आणि म्हणालीस, ‘वहिनी, हे ऐक, मग रड, कांद्याचं नाव सांग.’ माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि त्या घरात माझ्याशी स्वतःहून बोलणारी तू पहिली. गाणं सुमार होतं. मी ते तेव्हाच सांगितलं.

मग त्यांची गाणी बदलली. झोप न लागण्यावर, कामावरून परतताना रिकाम्या रस्त्यावर, बापाशी न बोलण्यावर. आवाज जाड झाले. नाच कमी झाला, कारण गुडघे कुणाला चुकलेत? तोवर मी सायकलच्या दुकानामागच्या क्लासला जाऊन भाषा शिकायला लागले होते, वर्गात सगळ्यांत थोराड विद्यार्थिनी. पूर्वी मला वाटायचं ही पोरं आपल्यासाठी गातात. या वेळी पाहताना वाटलं, ती आपली नोकरी करताहेत आणि बऱ्यापैकी मन लावून करताहेत. असं वाटल्यावर मला ती जास्त आवडली. तुला हे पटणार नाही.

मुद्दा शेंडेफळाच्या ओळीचा. त्या जुन्या गाण्यात शेवटी उंच पट्टीतली एक ओळ फक्त त्याची. पहिल्या दिवशी ती जागा आली तेव्हा थोरल्याने माइक लोकांकडे धरला आणि लोक गायले. सगळे रडले. दुसऱ्या दिवशी मुका पुढे आला आणि त्याने ती ओळ स्वतः म्हटली, पट्टी खाली उतरवून, थोडी बेसूरच. यावर जे रामायण झालं ते तू वाचलं असशील. ज्याची जागा त्याची, दुसऱ्याने तिथे तोंड उघडू नये, वगैरे. तीन आठवड्यांनी त्याच मुक्याने तीच ओळ पुन्हा म्हटली, तेव्हा ती बरी लागली.

मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते, तर मला एक माहीत आहे. दात काढला आणि जागा तशीच ठेवली की शेजारचे दोन्ही दात हळूहळू तिकडे कलायला लागतात. ते कुणावर उपकार म्हणून कलत नाहीत आणि गेलेल्याला विसरले म्हणूनही नाही. तोंडाला चावायचं असतं. मुक्याचं गाणं ऐकताना मला हे आठवलं आणि त्या चौघांवरचा माझा राग थोडा उतरला. सगळा नाही.

तुझ्या भावाचा फोन आला होता. इस्त्री कुणाकडे गेली, हे विचारायला. माझ्याकडे आहे. दिली नाही.


८ जुलै

चिंगे,

काय झालंय?

परवा चौघांची मोठी मुलाखत आली. कधी नव्हे ते थोरला मोकळेपणाने बोलला. मी भाषांतर परवाच फोल्डरमध्ये ठेवलं होतं. आज तू वेळा लावून ते पानावर चढवलंस आणि मी जेवणाच्या सुट्टीत पाहायला बसले, तर तिसऱ्या मिनिटापासून पुढचं सगळं मागे पडलेलं. लांबुडका हसतोय आणि खाली थोरल्याचं गंभीर वाक्य. थोरल्याचे डोळे भरून आलेत आणि खाली गालफुग्याचा जेवणावरचा विनोद. शेवटपर्यंत तसंच. एकही कंस नाही. बघणाऱ्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला आहे. कुणी लिहिलंय की पान चालवणारे कंटाळले असतील, आता बंद करतील.

त्यांना काय कळणार! तू तापाने फणफणलेली असताना पडून वेळा लावल्या आहेत. तुझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी लावल्या आहेत. तू ओळीभराची चूक करत नाहीस आणि केलीस तर चढवत नाहीस. तुझ्या घरात काहीतरी बिघडल्याशिवाय हे होणार नाही, इतकं तर मला कुणी न सांगता कळतं.

फोन केला, उचलला नाहीस. तुझ्या भावाला करायचा नव्हता. म्हणून बस कंपनीत केला. तुझ्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, ‘त्या रजेवर आहेत. आईंचं खुब्याचं हाड मोडलंय, पाय घसरला म्हणे. आपण कोण?’

मी फोन ठेवून दिला.

थोरला मुलाखतीत काय म्हणाला ते तू ऐकत ऐकत वेळा लावल्यास की नुसत्या ओळी ओढल्यास, मला माहीत नाही, म्हणून इथे लिहिते. त्याला विचारलं, धाकटा गेला तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात? तो म्हणाला, ‘आम्ही थांब म्हटलं असतं तर तो वाईट ठरला असता. जा म्हटलं असतं तर आम्ही. लोकांना बाजू हवी होती. आम्हाला तो हवा होता, आणि ते सांगायची ती जागा नव्हती.’

हे मी परवा भाषांतरित केलं. तेव्हा नुसतं भाषांतर केलं. आज दुपारी तीच ओळ भलत्याच माणसाच्या हसऱ्या तोंडाखाली वाचली आणि मी डबा तसाच झाकून ठेवला. लॅबमधल्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

तुझी फाइल मी दुरुस्त करून पुन्हा चढवली आहे. कंस घातले नाहीत. ते माझं काम नाही.


११ जुलै

चिंगे,

काल मी दवाखान्यात आले होते हे तू पाहिलंसच, पण तू यायच्या आधी काय झालं ते तुला माहीत नाही.

बस कंपनीतल्या त्या बाईंना पुन्हा फोन करून दवाखान्याचं नाव विचारून घेतलं. दुसऱ्या मजल्यावर हाडांचा वॉर्ड. दारातच नर्सने अडवलं. भेटीची वेळ फक्त नातेवाइकांसाठी. ‘तुम्ही पेशंटच्या कोण?’ चेहरा त्रासलेला, हातात औषधांचा ट्रे. त्यांचं काही चुकलं नाही. सून होते असं म्हटलं असतं, तर ‘होते’ म्हणजे काय ते समजावावं लागलं असतं. ओळखीची म्हणवेना.

आई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात. त्या मान न वळवता म्हणाल्या, ‘तिला काय विचारताय? पेशंट मी आहे, मला विचारा. माझी सून आहे ती.’

नर्स बाजूला झाल्या. मी स्टुलावर बसले. आई बारीक झाल्या आहेत. हाताला सुई, केस कुणीतरी घाईघाईत वेणीत कोंबलेले, तूच असणार. मी विचारलं दुखतं का, तर म्हणाल्या, हे काय विचारणं झालं? मला वाटलं घरचं काही काढतील, मुलाचं काढतील. त्यांनी शेंडेफळाचं काढलं. एकटा राहतो का तो आता, जेवतो का नीट, वाळलाय का. मी म्हटलं, वाळलाय थोडा, पण बरा आहे, एकट्याची गाणी करतोय. आईंनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, बांगडी कोपरापर्यंत सरकते आहे का ते पाहावं तसं. आणि म्हणाल्या, ‘त्याला म्हणावं, घर सोडलंस ते सोडलंस. जेवायला यायचं कशाला सोडतोस?’

मी होय म्हटलं. त्याला सांगते म्हटलं.

तेवढ्यात तू थर्मास घेऊन आलीस. दारातच थबकलीस. सहा महिन्यांनी आपण समोरासमोर. माझ्या मनात मी काय काय म्हणायचं ठरवलं होतं! आणि तू म्हणालीस, ‘तिसऱ्या मिनिटापासून सगळं मागे पडलंय, कळलंय मला. आज नीट करते.’

मी म्हटलं, ‘केलंय मी.’

तू म्हणालीस, ‘बरं.’

आणि थर्मासचं झाकण फिरवायला लागलीस, जे आधीच उघडं होतं. मग डॉक्टर आले, मला बाहेर जावं लागलं, आणि माझी कामावर परतायची वेळ झाली. एवढंच झालं. जिना उतरताना मला फार वाईट वाटलं. आईंनी मला सून म्हटलं याचा आनंद होता, पण मी ते ऐकायला आले नव्हते. ज्या प्रश्नासाठी आले होते, तो नर्सने विचारला आणि तू त्या वेळी कॅन्टीनमध्ये होतीस.


२४ ऑगस्ट

चिंगे,

दवाखान्यातून सुटल्यापासून आई वॉकर धरून घरभर फिरतात आणि फिजिओथेरपिस्टला नाव ठेवून झालंय, ‘मोजमाप्या’, हे मला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. तू फोनच्या आसपास होतीस, कारण मागे कुकरच्या शिट्ट्या कुणीतरी मोजत होतं. पण फोनवर आली नाहीस. मी मनाशी ठरवलं होतं, आता पुरे, आता पत्र लिहायचं नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत फोल्डर उघडलं. नवी फाइल होती. नाव माझ्याच पत्राचं, २ एप्रिल. मला वाटलं चुकून हात लागला असेल. उघडली, तर व्हिडिओ निघाला. काळा कोरा पडदा, कुणी माणूस नाही, काही नाही, आणि खाली एकेक ओळ उमटते आहे. माझं पत्र. तू माझ्या पत्राला वेळा लावल्या आहेस.

लॅबच्या मागच्या खोलीत, वाळत ठेवलेल्या प्लास्टरच्या जबड्यांसमोर बसून मी माझंच बोलणं तुझ्या वेळेत वाचलं. ते मी लिहिलं होतं त्यापेक्षा बरंच हळू चालतं. जिथे मी भरभर लिहून सुटले होते तिथे तू ओळ धरून ठेवली आहेस. आणि कंस घातले आहेस. माझ्या शब्दांना तू कुठे हात लावला नाहीस, तेवढी शिस्त आहे तुझ्यात. ‘गजर तो गजरच’ याच्यानंतर, (आई हसते.) म्हणजे माझी पत्रं तू आईंना मोठ्याने वाचून दाखवतेस. कधीपासून? दवाखान्यात वाचायचीस का? ‘तुझा भाऊ वाईट माणूस नाही’ याच्यानंतर, (आई नाक ओढते.) आणि ‘मला त्याचा राग नाही’ याच्याखाली, (हे रागाने.) इथे मला हसू आलं आणि लॅबमधल्या बाई बघायला लागल्या.

पण त्याच्याआधीची ओळ आहे ना. मी लिहिलं होतं, ‘आतून काही आवाजसुद्धा आला नाही.’ ती ओळ उमटते आणि जाते. मग पडदा नुसता काळा. मला वाटलं संपलं. आणि मग कंस येतो.

(आत नळ पूर्ण सोडलेला. नळाखाली कुणीतरी रडतंय.)

आणि तो जात नाही, चिंगे. वाचून झालं, पुन्हा वाचून झालं, तरी तो तिथेच. माझं जेवण उरलं, सुट्टी संपल्याची घंटा झाली, बाई आत निघून गेल्या. मी बसून राहिले.

आवाज तुझे, हे आपलं ठरलेलंच होतं. मी दारात उभी राहून तुझ्या वाटणीतलं लिहून बसले की आवाज आला नाही. नळाचा आवाज मी ऐकला होता. भांडी चालली असतील असं समजले.

आता मला राग नाही, आणि हे कंसाशिवाय वाचलंस तरी चालेल.

रविवारी येते आहे. जेवायलाच येते, आईंना सांग, शेंडेफळाला निरोप पोचला. तुझा भाऊ असला तर असू दे, त्याला मी वाढेन, तो मला वाढेल, काही बिघडत नाही. चौघांचं नवं गाणं त्याच आठवड्यात येतंय आणि शेंडेफळाचं एकट्याचं पहिलंही. लोक म्हणतात एकमेकांवर कुरघोडी करायला तारखा जुळवल्या. आपण दोन्हींचं करू. एका टेबलाशी बसून करू, फोल्डरमधून नको.

बेल वाजली की आईंना वॉकर घेऊन उठू देऊ नकोस. नळ बंद कर आणि दार उघडायला तू ये.

तुझी,
वहिनी